जाणता कोण म्हणायचा?

माणसाचे बोलणे ऐकून तो जाणता आहे की नाही हे आपण ठरवतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. तो जाणता आहे हे आधी ठरलेले असते, आणि मग त्याचे ऐकले जाते. ज्याच्याबद्दल ते आधी ठरलेले नसते त्याचे शब्द कानावर पडतात, पण मनापर्यंत पोचत नाहीत. एवढा एकच विचार इथे सावकाश उलगडायचा आहे. त्यासाठी आधार घ्यायचा तो पवनारचा. वर्ध्याजवळच्या या गावात, धाम नदीच्या काठी, १९५९ साली विनोबांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. जाणतेपणाविषयीची समजूत उपदेशाने हलत नाही, रीत बदलली तरच हलते, हे तिथे जितके स्वच्छ दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

आधी हे मान्य करायला हवे, की खुणांवरून जाणता ओळखण्यात मुळात दोष नाही. जे ज्ञान आपल्यापाशी नाही ते दुसऱ्यापाशी आहे का, याची परीक्षा आपण घेणार कशी? रोग्याला वैद्यक येत नसते, म्हणून तो वैद्याची पाटी पाहतो, पदवी पाहतो, दारातली गर्दी पाहतो, शेजाऱ्याला आलेला गुण पाहतो. गावाने पंच, सुईण, पाणाड्या, पंचांग सांगणारा यांना अशाच खुणांवरून ओळखले. खुणांशिवाय कोणाचेच चालत नाही. बिघाड होतो तो पुढे. ज्ञानाकडे बोट दाखवण्यासाठी असलेली खूण हळूहळू ज्ञानाच्याच जागेवर जाऊन बसते. एकदा ती तिथे बसली, की ती कोणाला मिळावी हे जन्म, लिंग, भाषा आणि पैसा ठरवू लागतात, आणि आपण मात्र ज्ञानाचाच आदर करतो आहोत या समजुतीत राहतो.

हे कुठे नियम म्हणून लिहिलेले नसते. ते बसण्या-उठण्यात असते. सभेत खुर्ची कोणाला आणि सतरंजी कोणाला, पाहुण्याने पहिला प्रश्न कोणाकडे पाहून विचारायचा, कोणाचे वाक्य अर्ध्यावर तोडले तर चालते आणि कोणाचे संपेपर्यंत थांबायचे, या साऱ्या रीतींत ते मुरलेले असते. वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेताचेच पाहा. निंदण आणि वेचणी मुख्यतः बायकांच्या हातची. बोंड उकलताना आतली अळी पहिल्यांदा दिसते ती वेचणारणीला. पण बांधावर कोणी साहेब आला, की तो मालकांची चौकशी करतो, आणि तीही म्हणते, "मले काय समजते जी, मालकाले इचारा."

त्या उत्तरापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण या रीतीचे सर्वांत खोल काम तिथे झालेले असते. साहेब तिला अजाण समजतो, हा अन्यायाचा एक पदर झाला. तीच स्वतःला अजाण समजते, हा दुसरा. पहिला अन्याय बाहेरून दिसतो, त्यावर बोट ठेवता येते. दुसरा विनय म्हणून खपतो. इंग्रज तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच प्रकाराचा सविस्तर विचार केला आहे. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दावरचा विश्वास कमी करणे, म्हणजे जाणणारा माणूस म्हणून त्याला असलेले स्थानच नाकारणे, असे त्यांचे म्हणणे. हा अन्याय सोसणारा माणूस हळूहळू बोलणे सोडतो, आणि पुढे आपल्याला काही कळते यावरचा त्याचा स्वतःचा विश्वासही झिजत जातो. ज्ञान असूनही ते ज्ञान म्हणून ओळखण्याची हिंमत त्याच्यात उरत नाही.

पवनारच्या भूमीला हा प्रश्न नवा नाही. वा. वि. मिराशींच्या मते पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर. काही संशोधक त्यासाठी मनसरकडे बोट दाखवतात. स्थळ कोणतेही असो, प्रवरपुराहून निघालेले द्वितीय प्रवरसेनाचे ताम्रपट आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतल्या चम्मकच्या ताम्रपटात एक गाव हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. विद्या कोणापाशी असते आणि तिच्या योगक्षेमासाठी कोणी राबायचे, याची वाटणी इतक्या पूर्वी तांब्यावर कोरून ठेवलेली होती. पुढची दीड हजार वर्षे ताम्रपटाची गरजही लागली नाही, इतकी ती वाटणी अंगवळणी पडली.

ती मोडण्याचे प्रयत्न मराठीत झाले, आणि फार मोठे झाले. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतार्थ मराठीत आणला, तेव्हा संस्कृत ही एक मोठी खूण निखळली. संतमेळ्यात कोण पक्का आणि कोण कच्चा याची परीक्षा मुक्ताबाईने गोरोबा कुंभाराला करायला लावली, आणि नामदेव कच्चे ठरले, अशी कथा वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. परीक्षा घ्यायला लावणारी एक लहान मुलगी, घेणारा कुंभार; दोघांपाशीही परीक्षकाची एकही रूढ खूण नाही. सतराव्या शतकात बहिणाबाईंनी ब्राह्मण घरातून येऊन तुकोबांना गुरू मानले. तुकोबांपाशी जाणतेपणाची खूण नव्हती आणि ती ओळखण्याचा अधिकार बहिणाबाईंपाशी नव्हता. म्हणून त्यांना नवऱ्याचा मार खावा लागला, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे.

एवढे होऊनही घराघरातली रीत का बदलली नाही? माझ्या मते समाजाने या साऱ्यांना अपवाद करून टाकले म्हणून. मुक्ताबाई आदिमाया ठरली, मग घरातल्या मुक्ताचे ऐकण्याचे कारण उरले नाही. अपवादाची पूजा केली की नियम सुखरूप राहतो. एका विलक्षण स्त्रीला जाणती मानणे सोपे असते, कारण तिच्यामुळे बाकीच्या शंभर जणींबद्दलचे मत बदलावे लागत नाही. पवनारच्या प्रयोगाचे महत्त्व कळायचे तर ही अडचण ध्यानात ठेवायला हवी.

विनोबांच्या स्वतःच्या घरातही हा प्रश्न उभा राहिला होता. त्यांची आई रुक्मिणीबाई. तिला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. विनोबांनी मिळेल ते मराठी भाषांतर आणून दिले. तेही तिला अवघड वाटले. मग तूच का नाही मराठीत करून देत, असे ती मुलाला म्हणाली. १९१८ मध्ये ती गेली. अंत्यविधी भटजींनी नव्हे, आपण स्वतः करावा असा विनोबांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही, तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. आईच्या चितेपाशी मंत्र म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे असा आला. पुढे ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत त्यांनी गीताई रचली. जिने ती मागितली तिला मात्र ती वाचता आली नाही.

या गोष्टीकडे आपण मातृभक्तीची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेही. पण आपल्या विचाराच्या अंगाने पाहिले तर तिच्यात एक मर्यादा दिसते. गीताईमुळे भाषेची भिंत पडली. तरीही देणारा मुलगा आणि घेणारी आई ही मांडणी कायम राहिली. तिला कळेल असे सांगणारा मिळाला. तिला काय कळले आहे, हे ऐकणारी सभा मिळाली नाही. ज्ञान सोपे करून खाली पोचवणे ही एक पायरी झाली. जिला खाली समजले गेले तिच्यापाशी जाऊन विचारणे ही दुसरी, आणि ती कितीतरी अवघड. पहिल्या पायरीवर जाणत्याचा मोठेपणा वाढतो, दुसऱ्या पायरीवर तो त्याला सोडावा लागतो.

ती दुसरी पायरी विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी उचलली. ब्रह्मविद्या म्हणजे उपनिषदांची विद्या. बृहदारण्यकात गार्गी आणि मैत्रेयी आहेत, त्या याज्ञवल्क्यांना नेमके प्रश्न विचारतात. पण पुढच्या परंपरेने शूद्रांना आणि स्त्रियांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, आणि गार्गीचाही अपवाद करून टाकला. तीच विद्या केंद्रस्थानी ठेवून स्त्रियांनी समूहाने जगावे, अभ्यास करावा, स्त्रियांनी शास्त्रेही रचावीत, असे विनोबांचे म्हणणे होते. त्या वेळी ते स्वतः भूदानाच्या पदयात्रेत होते, आणि त्यानंतरची वर्षेही त्यांची बहुतांशी फिरण्यातच गेली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या या बहिणींनी रोजच्या रोज काय करायचे हे सांगायला गुरू जवळ बसलेला नव्हता. मला हे फार मोलाचे वाटते. जाणता समोर असला की त्याच्याकडे पाहण्याची सवय सुटत नाही.

तिथल्या दोन रीती नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली सर्वसंमतीची. आश्रमाला कोणी प्रमुख नाही. निर्णय सगळ्यांच्या संमतीने करायचा. बहुमताच्या सभेत एकावन्न जणांना एकोणपन्नास जणांचे ऐकण्याची गरज उरत नाही. ज्याचा आवाज मोठा, ज्याला सभेत बोलण्याचा सराव, त्याच्या मागे माणसे जातात आणि हात वर होतात. सर्वसंमतीत गप्प बसलेल्या व्यक्तीला ओलांडून पुढे जाता येत नाही. तिचे मत घ्यावेच लागते, म्हणजे तिला मत आहे हे आधी धरून चालावे लागते. इथे रीतच समजुतीला वळण लावते. मला काही कळत नाही असे म्हणून तिला सुटता येत नाही, आणि हिला काय कळते असे म्हणून इतरांनाही सुटता येत नाही. यात धोका आहे, तो लपवू नये. थोरल्या व्यक्तीच्या वजनाखाली हललेली मानही संमती म्हणून मोजली जाऊ शकते. म्हणून ही रीत घाई करणाऱ्यांच्या कामाची नाही. विरोध सांगायला पुरेसा वेळ मिळाला, तरच संमतीला अर्थ आहे.

दुसरी रीत श्रमाची. स्वयंपाक, झाडलोट, शेती, सूत, छापखाना ही कामे आश्रमातल्यांनी स्वतः करायची. 'मैत्री' हे हिंदी मासिक इथूनच निघत आले. श्रमाचा जाणतेपणाशी काय संबंध, असे वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. आपल्याकडे ज्ञानी माणसाची एक न बोललेली खूण अशी, की त्याला भांडी घासावी लागत नाहीत. त्याच्या वाचनाचे तास दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी मोकळे करून दिलेले असतात. ते हात बहुधा घरातल्या बाईचे किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाचे असतात. मग वाचायला वेळ मिळालेला माणूस जाणता ठरतो, आणि ज्याने वेळ काढून दिला तो वाचत नाही म्हणून अजाण. चम्मकच्या ताम्रपटातली वाटणी ती हीच. काम सगळ्यांत वाटले की वेळही सगळ्यांत वाटला जातो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाही हाच होता: हात चालवणाऱ्याला डोके असते, आणि हात चालवल्याने ते वाढते. नई तालमीने हे मुलांच्या शाळेत आणले. ब्रह्मविद्या मंदिराने ते शास्त्राच्या अभ्यासापर्यंत नेले.

आता या प्रयोगातली सर्वांत कठीण गोष्ट. विनोबा १९७० साली पवनारला कायमचे स्थिरावले, आणि लोक दर्शनाला येत राहिले. समाजाची जुनी सवय धाम नदीच्या काठावरही पोचलीच: एक ज्ञानी बाबा, बाकीचे ऐकणारे. विनोबांनी १९६६ मध्येच स्थूल कार्यातून निवृत्त होऊन सूक्ष्मात जाण्याचे जाहीर केले होते. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन धरले. पण ज्याला समाजाने एकदा जाणता ठरवले त्याचे मौनही मोकळे राहत नाही. आणीबाणीत 'अनुशासन पर्व' हे त्यांचे दोन शब्द सरकारी प्रचाराने देशभर नेले, जणू सत्तेला ऋषीचा आशीर्वाद मिळाला. शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, असे विनोबांनी मौनानंतर स्पष्ट केले. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि देशातली परिस्थिती पूर्ववत व्हावी, असे आवाहन त्याने केले. आणीबाणी त्यानंतरही मार्च १९७७ पर्यंत चालूच राहिली. दोन शब्दांना जेवढे कान मिळाले तेवढे त्या आवाहनाला मिळाले नाहीत. जाणत्याचा मान ठेवणारे लोक त्याचे सगळेच ऐकतात असे नाही. सोयीचे तेवढे ते उचलतात, आणि मानाची शाल त्यावर पांघरतात. अवघा अधिकार एका माणसात साठवला की हे होणारच. त्या वर्षी विनोबांनी काय म्हणायला हवे होते, यावर मतभेद राहतील. पण एका माणसाच्या दोन शब्दांवर देशाचा निवाडा टांगून ठेवणारी सवय आपली सगळ्यांची होती.

याच आचार्यांच्या कल्पनेत मला या साऱ्या प्रश्नाची एक वाट दिसते. १९६८ मध्ये विनोबांनी आचार्यकुलाची कल्पना मांडली. आचार्य कोण? जो निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष आहे तो. सुरुवातीची अडचण इथे आठवावी: जे ज्ञान आपल्यापाशी नाही त्याची परीक्षा आपल्याला घेता येत नाही. पण या तीन गुणांची परीक्षा कोणालाही घेता येते. हा माणूस आपल्यापुढे बोलतो तेच तालुक्याच्या साहेबापुढे बोलतो का, हे कळायला शेतीशास्त्र शिकावे लागत नाही. आपल्या जातीचा, आपल्या गटाचा माणूस चुकला तर हा ते सांगतो का, हे अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही समजते. यात मी एक जोड देईन: विचारलेला प्रश्न तो शेवटपर्यंत ऐकतो का, आणि प्रश्न विचारणारा लहान असला तरी ऐकतो का? पदवी आणि खुर्ची या खुणा वरून दिल्या जातात. या खुणांची पारख खालून होते.

मग तज्ज्ञाला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. प्रश्न आहे तो तज्ज्ञाने बसायचे कुठे, याचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवडत नेले, आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदूळ आला. तो दूरवर पसरला. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण काढले, आणि श्रेय कोणाचे हा वाद दादाजींच्या हयातभर चालला. त्यांना २००५ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१८ मध्ये ते गेले. लोंबी निवडण्याची नजर त्यांची होती. तिला ज्ञान म्हणायचे की नाही, हे ठरवण्याची जागा मात्र दुसऱ्यांची.

ती जागा बदलता येते, याचा दाखला शेजारच्या गडचिरोलीत आहे. मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत धरली. देवाजी तोफा गावातले, आणि सर्वोदय विचारातून आलेले मोहन हिराबाई हिरालाल त्यांचे सोबती. या गावाने दोन बैठका वेगळ्या केल्या. अभ्यासगटात बाहेरचा वनअधिकारी, वकील, संशोधक कोणीही यावा, त्याने माहिती द्यावी, गावाने त्याला खोदून विचारावे. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तो गावातल्या बायकापुरुषांनी मिळून घ्यायचा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, ते या तयारीच्या बळावर. तज्ज्ञाचा मान इथे राखला गेला आणि गावाची बुद्धीही शाबूत राहिली, कारण सांगण्याची जागा आणि ठरवण्याची जागा एकमेकींत मिसळली नाही.

पवनार आणि मेंढा यांच्याकडून घ्यायचे ते हेच. समजूत बदला असे सांगून ती बदलत नाही. तिला रोजच्या व्यवहारात दुसरी रीत द्यावी लागते. ती आपल्या हातात आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर उरकू नये, आणि तिथे जे ठरले त्याने पुढची सभा सुरू करावी. शेतीच्या शिबिरात पहिला प्रश्न वेचणारणीला विचारावा, आणि तिने मालकाकडे बोट दाखवले तरी तिथेच थांबून पुन्हा तिलाच विचारावा. घरातल्या निर्णयात सर्वांत धाकट्याचे मत शेवटी तोंडदेखले न घेता सुरुवातीला घ्यावे. ज्याला वाचायला वेळ मिळतो त्याने आपला वेळ कोणाच्या हातांतून आला हे पाहावे आणि त्यातला काही परत करावा. यांतले काहीही एका दिवसात साधणार नाही. पहिल्यांदा विचारल्यावर ती गप्पच बसेल. पण दहाव्यांदा विचारल्यावर ती जे सांगेल, ते आजवर आपल्यापाशी नव्हते. समाज किती जाणता आहे हे त्याच्यापाशी किती पंडित आहेत यावरून मोजू नये. ज्याच्या अंगावर जाणतेपणाची एकही खूण नाही अशा माणसाला तो किती वेळ मधे न तोडता ऐकून घेतो, यावरून मोजावे.